कोपरा कापलेला पासपोर्ट

१

धाकटीचा जुना पासपोर्ट नाहीसा झाला आणि घरातल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

यात त्यांचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही. मी माझ्या धाकट्या जावेवर जळते, हे आमच्या घरात जगजाहीर आहे. मी ते लपवतही नाही. ती या घरात आली तेव्हा तिला साधी सुई धड धरता येत नव्हती. आणि बघता बघता ती केसांचे असे टोप विणायला लागली, की नाटकातली मंडळी दारातूनच विचारायची, "धाकट्या ताई मोकळ्या आहेत का?" ज्यांच्या टकलांवर मी वर्षानुवर्षं केस रुजवले, तीच ही माणसं. अंगाची लाही होणार नाही तर काय होईल?

आमचा धंदाच तो. खाली कारखाना, वर घर. कारखान्यात भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर भुसा भरलेली कापडी डोकी, प्रत्येक डोकं एकेका नटाच्या मापाचं. जाळीच्या भोकातून आकड्याने एकेक केस ओढायचा आणि गाठ मारायची. पाठ मोडते, डोळे जातात, आणि प्रेक्षकांना टोप दिसलाच नाही तर काम चांगलं झालं म्हणायचं.

परदेशातल्या एका मोठ्या नाट्यगृहाला पुढच्या हंगामासाठी आमच्याकडची एक कारागीर हवी होती. कोण जाणार हे ठरायच्या आधीच आम्ही दोघींचे व्हिसा काढून ठेवले होते. मग एके दिवशी चहा पिता पिता आई म्हणाल्या, "धाकटी जाईल." आई म्हणजे आमच्या सासूबाई, कारखान्याच्या मालकीण आणि आम्हा दोघींच्या गुरू. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी कपबश्या उचलल्या आणि त्यातला एक कप फोडला.

तर धाकटीकडे व्हिसा होता, तिकीट होतं, आणि पासपोर्ट मात्र संपत आलेला. त्या देशाला पासपोर्टात अजून बरेच महिने शिल्लक हवे असतात. धावपळ करून नवा काढला. आणायला मीच तिच्याबरोबर गेले होते. खिडकीतल्या बाईंनी कात्री घेतली, जुन्या पासपोर्टाचा कोपरा कचकन कापला, वर 'रद्द' असा शिक्का मारला आणि तो परत दिला. धाकटीचा चेहरा पडला. बाई म्हणाल्या, "अहो, घाबरताय कशाला? पासपोर्ट रद्द झालाय, त्यातला व्हिसा नाही. नवा दाखवायचा आणि व्हिसा जुन्यातला दाखवायचा. दोन्ही पुस्तकं जवळ ठेवा म्हणजे झालं." हे वाक्य धाकटीने घरी येऊन इतक्या वेळा म्हणून दाखवलं की सगळ्यांना पाठ झालं.

आणि आता, विमान उद्यावर आलेलं असताना, ती सकाळी खोलीतून ओरडत बाहेर आली. खणात नवा पासपोर्ट जागच्या जागी होता. जुना नव्हता.

"ताई," तिने पहिलं मलाच विचारलं, "तुम्ही पाहिलात का हो?"

२

सकाळभर घर उलटंपालटं केलं. गाद्या झाडल्या, कपाटं ओढली, कचऱ्याचा डबा पालथा केला. शेवटी सगळे कारखान्यात येऊन बसले.

माझा धाकटा दीर, म्हणजे तिचा नवरा, हिशेब आणि गिऱ्हाइकं बघतो. एरवी गरीब माणूस. तो खाली बघत म्हणाला, "ती नाही गेली तर कोण जाणार, हे सगळ्यांना माहीत आहे. मी कोणाचं नाव घेत नाही."

"मी घेते," नणंद म्हणाली. ती पलीकडच्या गल्लीत राहते, शाळेत शिकवते, आणि आमच्याकडे काही बिनसलं की तिला आपोआप कळतं. "काल संध्याकाळी मी आले होते तेव्हा वहिनी त्या खोलीतून बाहेर पडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले होते, वन्सं."

"असाल ना. मी कुठे काय म्हणतेय?"

माझी बाजू घ्यायला कोणी नव्हतं. माझे यजमान बोटीवर असतात. त्यांच्या पासपोर्टात शिक्के मारायला जागा उरलेली नाही, आणि माझ्या पासपोर्टात एक व्हिसा सोडला तर सगळी पानं कोरी. मी धाकटीकडे पाहिलं. एकदा तरी म्हणेल, "ताई असं करणार नाहीत." ती आपली नखं बघत बसली होती.

आई त्यांच्या खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसत नाही. खुर्चीच्या हाताला टाचण्यांची एक छोटी गादी बांधलेली आहे. तिच्यात दोन आकडे टोचलेले असतात, एक आईंचा आणि एक धाकटीचा. धाकटीचा पहिला टोप पुरा झाला त्या दिवशी आईंनी स्वतः तिला सांगितलं होतं, "इथे टोच." माझा आकडा अजूनही माझ्या स्टुलाजवळच्या डब्यात असतो. आजही गादीकडे नजर गेली, दोन्ही आकडे नेहमीसारखे शेजारी शेजारी उभे होते, आणि मला नेहमीसारखंच झोंबलं.

"नवा व्हिसा उद्यापर्यंत होत नाही," आई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत वाट बघू. नाही मिळाला, तर तिकडे फोन करून थोरलीचं नाव कळवा. हंगाम कोणासाठी थांबत नाही."

 माझ्या चेहऱ्यावर आनंद पसरला, तो मी लपवू शकले नाही, आणि तो सगळ्यांनी पाहिला.

म्हणजे मी हातावर हात ठेवून नुसती बसले असते, तरी उद्या विमानात असते. पण कशी? चोर म्हणून. आणि धाकटीला जमलं नाही म्हणून पाठवलेली, उरलीसुरली. तिचीच जागा, तिचंच नाव खोडून वर लिहिलेलं माझं. ते मला चालणार नव्हतं. मला तिच्यावर जळायचं होतं ते ताठ मानेने.

"संध्याकाळपर्यंत चोर मी शोधते," मी म्हणाले.

नणंद हसली. "आरशात?"

३

भाऊजींना मी आधी गाठलं. ते जिन्यात बसून होते आणि मला बघताच त्यांनी खिशात काहीतरी कोंबलं.

"काय आहे ते?"

"काही नाही, वहिनी."

"ती जाऊ नये असं तुम्हाला वाटत होतं. गेल्या आठवड्यात भांडलात तेव्हा वर स्वयंपाकघरापर्यंत आवाज येत होता."

ते लालबुंद झाले. "वाटत होतं. अजून वाटतं. तिकडचा तो मुख्य कारागीर तिला रोज लांबलचक निरोप पाठवतो. केसांबद्दलच असतात, मी वाचलेत. पण मला केसांबद्दल इतकं बोलता येत नाही, वहिनी. मी हिशेबनीस. मी काय बोलणार तिच्याशी, थकबाकीबद्दल?"

मला हसू आलं, आणि थोडी कीवही आली. जळण्यात मी या घरात एकटी आहे असंच मी आजवर धरून चालले होते.

"खिसा," मी हात पुढे केला.

त्यांनी निमूटपणे काढून दिलं. चामड्याचं कोरं करकरीत पाकीट, पासपोर्ट ठेवायचं. आत एकाच्या जागी दोन कप्पे होते.

"दोन्ही पुस्तकं बरोबर ठेवायची ना," ते पुटपुटले. "मुद्दाम सांगून करून घेतलं. आज सकाळी द्यायचं होतं."

जुना पासपोर्ट लपवणारा माणूस दोन कप्प्यांचं पाकीट करून घेत नाही. भाऊजी माझ्या यादीतून गेले. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं, कारण ते असते तर सगळं सोपं झालं असतं.

नणंदेच्या शाळेची मधली सुट्टी व्हायची वाट पाहिली आणि तिला फाटकातच धरलं.

"काल तुम्ही किती वेळ होतात त्या खोलीत, वन्सं?"

"माझ्यावर घसरताय होय? बरोबर आहे." पण तिला बोलायचं होतंच. "हो, पाहिला मी जुना पासपोर्ट. हातात घेतला. त्यातला फोटो बघून आम्ही दोघी हसलो, कसली भेदरलेली दिसत होती ती त्यात. आणि मग मी तिच्या हातात परत दिला. तिच्या हातात, वहिनी. खणात नाही."

"आणि मी कपडे ठेवायला आत गेले ते कधी?"

ती थांबली. शिकवणारी बाई आहे, प्रश्न विचारला की उत्तर द्यावंच लागतं तिला. "त्याच्या आधी," ती हळूच म्हणाली. "तुम्ही बाहेर पडलात आणि मी आत गेले."

"म्हणजे मी आत होते तेव्हा पासपोर्ट होता. तुम्ही नंतर स्वतःच्या हाताने धरलात."

"मग मी गेल्यावर तुम्ही पुन्हा गेला असाल." पण आवाजात मघाचा जोर नव्हता. जाता जाता ती वळली. "वहिनी, मला कोणी कुठे बोलावत नाही. ना तुम्हाला बोलावतात तसं, ना तिला. काल तो पासपोर्ट हातात होता ना, तेव्हा एक क्षणभर मलाही वाटलं होतं, पर्समध्ये टाकावा. टाकला नाही. एवढंच."

घरी परतताना मी हिशेब मांडला. नणंद गेल्यानंतर धाकटी "एक टोप विंचरायचाय" म्हणून खाली कारखान्यात गेली होती. खोली तेवढा वेळ मोकळी होती. तेव्हा वर कोण होतं? भाऊजी गिऱ्हाइकाकडे. आई फोनवर व्यवहाराचं बोलत. आणि स्वयंपाकघरात, त्या खोलीला लागून, एकटी मी. जेवढं शोधत होते तेवढा फास माझ्याच गळ्याभोवती येत होता.

४

इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल, जी घरात फक्त आईंना आणि मला माहीत होती.

आईंना आता नीट दिसत नाही. सुईत दोरा जात नाही, काळा केस कुठला आणि तपकिरी कुठला ते ओळखू येत नाही. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही, मुलांनाही नाही. म्हणून रोज सकाळी, बाकीचे उठायच्या आधी, आम्ही दोघी खाली येतो आणि दार लावून घेतो. आई फळ्यांवरच्या एकेका डोक्यावरून हात फिरवतात. कपाळ, कानामागे, मान. बोटांनीच त्यांना कळतं कुठे गाठ सैल आहे, कुठे केस दाट झालेत. त्या सांगतात आणि मी दुरुस्त करते. मग दार उघडतं आणि त्या खुर्चीत जाऊन अशा बसतात की जणू सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

त्या सकाळीही, धाकटी ओरडत यायच्या आधी, आमची फेरी झाली होती. म्हाताऱ्या राजाच्या पांढऱ्या टोपावर त्यांचा हात थांबला होता.

"हा आखडलाय. कोणी धुतला का?"

तो टोप माझा होता. मी केलेला सगळ्यांत चांगला. मी फणकारले होते, "माझा टोप कशाला आखडेल? माप मी घेतलंय."

"मानेला ताणलाय," त्या म्हणाल्या होत्या आणि पुढच्या डोक्याकडे वळल्या होत्या. नंतर पासपोर्टाच्या गोंधळात मी ते विसरून गेले.

आता दुपारी कारखाना रिकामा होता. चहाची वेळ होती, सगळे वर होते. मी माझ्या स्टुलावर बसले, आणि समोर तो पांढरा टोप. रागानेच उठले, टाचण्या काढल्या, टोप उतरवला आणि फीत लावली. एक धागाभरही फरक नव्हता. आई चुकल्या, मला बरं वाटलं. पण आईंची बोटं चुकत नाहीत.

मग मी फीत टोपाऐवजी डोक्याला लावली. कापडावर मी स्वतः खडूने लिहिलेलं माप होतं. डोकं त्याहून मोठं भरलं.

टोप आखडला नव्हता. डोकं वाढलं होतं.

मानेखालची शिवण मी बोटाने चाचपली. माझीच शिवण, माझ्याच अंतराने टाके. फक्त मधले काही टाके जरा जास्त नवे, दोरा अजून कोरा. मी ते उसवले आणि भुशात हात घातला. आधी लागला तो पातळ कागद, तयार टोप आम्ही ज्यात गुंडाळतो तो. कागदाच्या आत, कोपरा कापलेला, धाकटीचा जुना पासपोर्ट.

मी तो उघडला. फोटोतली भेदरलेली पोर माझ्याकडे बघत होती. व्हिसाच्या पानाला सुरकुती नव्हती.

पलीकडे टोप वाळवायची भट्टी पेटलेली होती. पासपोर्ट माझ्या हातात होता. कोणी पाहिलं नव्हतं. उद्याचं विमान, मोठं नाट्यगृह, माझ्या कोऱ्या पानांवरचा पहिला शिक्का, सगळं त्या भट्टीच्या दारापासून हाताच्या अंतरावर होतं. मी दार उघडलंसुद्धा.

५

संध्याकाळी सगळे कारखान्यात जमले. भाऊजींच्या हातात फोन होता, नंबर काढून ठेवलेला. मी टेबलावर पांढऱ्या टोपाचं डोकं ठेवलं आणि शेजारी पासपोर्ट.

 भाऊजी "अरे!" म्हणाले. नणंद म्हणाली, "वहिनींच्याच टोपात? बघा, मी काय म्हणत होते?"

"पुरतं ऐका, वन्सं. मग म्हणा." मी उभीच राहिले. "पहिली गोष्ट. खणात दोन पासपोर्ट होते. चोराने एकच नेला. आता तुम्ही सगळे म्हणता की मी जळते. कबूल. मग मला विचारा जळणारं माणूस काय करतं ते. मी असते तर दोन्ही उचलले असते. नवा तर आधी. तिला पुन्हा रांगेत उभं केलं असतं, पुन्हा फोटो, पुन्हा बोटांचे ठसे. आणि उचललेलं भुशात जपून ठेवलं नसतं, भट्टीत घातलं असतं. दुपारी भट्टीचं दार उघडून मी बघून घेतलंय, सहज जमलं असतं."

"मग का नाही घातलं?" धाकटीने विचारलं. तिचा आवाज घोगरा झाला होता.

"तुझं नंतर. या चोराने पासपोर्ट पातळ कागदात गुंडाळला, पान दुमडू नये म्हणून. त्याला धाकटीचं वाटोळं करायचं नव्हतं. ही एक वारी तेवढी चुकवायची होती. दुसरी गोष्ट. डोकं उसवून पुन्हा असं शिवलंय की मला माझीच शिवण वाटावी. भाऊजींना बटण लावता येत नाही, आणि त्यांच्या खिशात काय आहे ते ते स्वतः दाखवतील. वन्सं सुई घेतली की बोटाला पट्टी बांधतात. उरलो तिघी. आई, मी आणि धाकटी."

"आईंनी का करावं?" भाऊजी म्हणाले.

"आईंनी नाही केलं. कारण…" मी अडखळले. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं आणि ते माझं नव्हतं. आईंना सुईत दोरा ओवता येत नाही, हे बोलले तर मी सुटत होते. नाही बोलले तर तिघींतली जळकी ती मी. मी आईंकडे पाहिलं. 

नणंद वाटच बघत होती. "कारण काय, वहिनी? अडकलात ना?"

"सांग," आई खुर्चीतून म्हणाल्या. "नाहीतर मीच सांगते. मला दिसत नाही. वर्ष होऊन गेलं. दोरा ओवता येत नाही मला, डोकं काय शिवणार?"

भाऊजींनी फोन खाली ठेवला. 

मी पुढचं भराभर सांगून टाकलं. "रोज सकाळी आई प्रत्येक डोक्यावरून हात फिरवतात. भुशात कागदाचा कपटा घातला तरी त्यांच्या बोटांना कळतं. हे मला ठाऊक आहे. मी पासपोर्ट लपवला असता तर या खोलीतल्या कुठल्याही डोक्यात नसता लपवला. ज्याने लपवला त्याला शिवता येतं, पण सकाळच्या फेरीची त्याला कल्पना नाही. असं माणूस या घरात एकच आहे."

मी खुर्चीजवळ गेले, गादीतला धाकटीचा आकडा उपटला आणि टेबलावर पासपोर्टाशेजारी ठेवला. दुसऱ्याच्या आकड्याला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. मी लावला.

"बॅग परवाच बांधून झाली. वजन केलं, पट्टा आवळला, कुलूप लावलं. आणि आकडा इथे. सहा महिने परक्या देशात टोप विणायला चाललेली बाई स्वतःचा आकडा मागे ठेवते? तुला जायचंच नव्हतं, धाकटे."

६

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती भांडायला उठली.

"हो, मी लपवला! आणि तुमच्याच टोपात लपवला, कारण या खोलीत तोच एक आहे ज्याला कोणी धक्का लावत नाही, सगळ्यांत चांगला म्हणून! मी गेले की काय होणार ते मला दिसत नव्हतं का? रोज सकाळी तुम्ही दोघी दार लावून आत असता. मी जिन्यावर उभी राहून ऐकलंय. आईंचा आवाज, तुमचा आवाज. मला कधी बोलावलंत? आई तुम्हाला सगळं शिकवतायत, जे मला कधी शिकवलं नाही. मला लांब पाठवायचं, आणि मी परत येईपर्यंत त्या खुर्चीत ताई!"

मी तिच्याकडे बघतच राहिले. वर्षानुवर्षं मी त्या गादीतल्या आकड्यावर जळत होते, आणि ही पोर जिन्यात उभी राहून माझ्यावर जळत होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझा हेवा करत होतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पण राग गेला नव्हता. "आणि सगळे मला चोर म्हणत होते तेव्हा तू नखं बघत बसलीस."

आता ती रडली. "तोंडच उघडेना, ताई. एकदा वाटलं सांगून टाकावं. मग आई म्हणाल्या थोरलीचं नाव कळवा, आणि तुम्ही… तुमचा चेहरा असा खुलला! मग मला वाटलं, जाऊ देत यांनाच. तुम्ही तिकडे, मी इथे. तेच तर मला हवं होतं."

"झालं का दोघींचं?" आई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले होते. "धाकटीला पाठवतेय, कारण तिचा हात मोठ्या ठिकाणी शोभेल. थोरलीला ठेवून घेतेय, कारण ती गेली तर मी आंधळी. आता यात लाडकी कोण, ते तुम्ही बसून ठरवा. मला कंटाळा आलाय. सहा महिने एक इथे आणि एक तिथे असली, की मला जरा स्वस्थ चहा पिता येईल, असंही वाटलं होतं."

नणंद हसायला लागली, मग भाऊजी हसले. मला हसू आलं नाही. चहाच्या त्या दिवसापासून मी धरून बसले होते की आईंनी दोघींची कामं तोलली आणि माझं हलकं भरलं. मी फुटलेल्या कपाबद्दल काहीतरी बोलायला गेले आणि त्याऐवजी पांढरा टोप पुन्हा डोक्यावर चढवायला लागले.

नणंदेने निघताना माझा दंड धरला. "सकाळचं ते आरशाचं बोलले…"

"राहू द्या, वन्सं. छान बोललात. मीही तेच बोलले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी दारात उभी होती. भाऊजींनी दोन कप्प्यांचं पाकीट बायकोच्या हातात दिलं. एका कप्प्यात नवा पासपोर्ट, दुसऱ्यात कोपरा कापलेला. तिने ते उघडून पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि मग नवऱ्याकडे असं पाहिलं की त्या मुख्य कारागिराची काळजी करायचं त्यांना काही कारण उरलं नाही.

मी आकडा पुढे केला. "हा पुन्हा गादीत टोचलेला दिसला."

"जागा धरायला ठेवला होता," ती म्हणाली.

"कळलं मला. घेऊन जा. त्याच्याशिवाय तुझे भांग वाकडे येतात. जागेचं मी बघते."

"त्याचीच तर भीती वाटते, ताई." ती हसली, आकडा घेतला, वाकून नमस्कार केला आणि टॅक्सीत बसली. काल तो पासपोर्ट भट्टीत का घातला नाही, हे तिने पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

काही आठवड्यांनी तिचा फोटो आला. भला मोठा रंगमंच, झुंबरं, आणि मधोमध ही, दोन्ही बाजूंना तिने केलेले टोप घातलेले नट. मी तो मोठा करकरून पाहिला. इतकी जळले की दिवसभर माझ्या हातून एक गाठ धड पडली नाही.

संध्याकाळी आईंनी विचारलं, "काय पाठवलंय तिने? सांग." मी सगळं सांगितलं, झुंबरांसकट. त्या ऐकून घेऊन उठल्या. "जरा बस इथे. खिडकीतून उजेड कसा येतो ते बघ, मला हल्ली कळत नाही."

मी खुर्चीत बसले. उजेड फार छान येत होता. भाऊजी हिशेब लिहीत होते, त्यांच्या हातात मी फोन दिला आणि म्हणाले, "एक फोटो काढा बरं." आई माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. फोटो चांगला आला. मी तो लगेच धाकटीला पाठवून दिला.